हळदीवर सोडतात तेच गॅमा किरण वापरून पोकळ नॅनोगोळे कसे बनवतात?

हिंगोली म्हटलं की आधी आठवते हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि हिंगोली-वसमतच्या बाजारात मराठवाडा-विदर्भातले शेतकरी माल घेऊन येतात. ही हळद पुढे पावडर होऊन परदेशात जाते, तेव्हा तिच्यात बुरशी आणि जंतू नको असतात. मसाल्यातले जंतू मारण्याची एक मान्य पद्धत म्हणजे गॅमा किरण.

आता 'गॅमा किरण' म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांसमोर हिरोशिमा येतं आणि उरलेल्यांना व्हॉट्सॲपवरचा एखादा मेसेज आठवतो. "रेडिएशन दिलेले मसाले खाऊ नका" छाप.

पण याच किरणांचं एक दुसरं काम आहे, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. याच किरणांनी प्रयोगशाळेत सेमीकंडक्टरचे पोकळ गोळे बनवले जातात. इतके लहान की केसाच्या जाडीत असे चारेकशे गोळे ओळीने मावतील.

हे गोळे कशासाठी, ते बनतात कसे आणि या सगळ्यात घाबरण्यासारखं नेमकं काय आहे? कारण घाबरण्यासारखं एक कारण खरंच आहे, फक्त ते किरणांमध्ये नाही.

आधी समजून घेऊ, सेमीकंडक्टरचा नॅनोगोळा म्हणजे काय?

तांब्यातून वीज सहज जाते, काचेतून जात नाही. या दोघांच्या मधले पदार्थ म्हणजे सेमीकंडक्टर, मराठीत अर्धवाहक. मोबाईलच्या चिपमधलं सिलिकॉन हे सगळ्यात ओळखीचं उदाहरण. पण कॅडमियम सल्फाइड, झिंक सल्फाइड, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड हेही सेमीकंडक्टरच आहेत.

यांचा एक गुण आपल्या कामाचा आहे. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की यांच्यातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि मोकळे होतात. हे मोकळे इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर आले की आजूबाजूच्या रेणूंशी रासायनिक क्रिया करतात. म्हणजे नुसत्या उजेडावर चालणारा छोटासा कारखाना.

कोणता प्रकाश 'पुरेसा' हे पदार्थावर ठरतं. कॅडमियम सल्फाइडला २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. ती निळ्या-जांभळ्या प्रकाशात असते. त्यामुळे तो निळा प्रकाश शोषून घेतो आणि आपल्याला पिवळाधमक दिसतो, अगदी हळदीसारखा. झिंक सल्फाइडला साडेतीनहून जास्त लागते, म्हणजे थेट अतिनील प्रकाश. म्हणून तो पांढरा दिसतो आणि साध्या उन्हाचा फारच थोडा भाग वापरू शकतो.

हे कण अगदी काही नॅनोमीटरचे केले की आणखी एक गंमत होते. आकार बदलला की रंग बदलतो. यालाच क्वांटम डॉट म्हणतात. या कामासाठी मौंगी बावेंडी, लुईस ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि नॅनोमीटर म्हणजे किती? एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. आपण ज्या गोळ्यांबद्दल बोलतोय ते २०० नॅनोमीटरच्या आसपासचे.

पण पोकळ कशाला? भरीव का नको?

पाणीपुरीची पुरी घ्या. ती भरीव असती तर तिच्यात ना रगडा मावला असता ना पाणी, आणि पीठही कितीतरी जास्त लागलं असतं.

आकड्यात बघू. २०० नॅनोमीटर व्यासाचा एक गोळा धरा, ज्याचं कवच फक्त २० नॅनोमीटर जाड आहे. भरीव गोळ्याच्या तुलनेत याला निम्म्याहून किंचित कमी पदार्थ लागतो. वर त्याला बाहेरून एक आणि आतून एक असे दोन पृष्ठभाग मिळतात. हिशेब केला तर तेवढ्याच वजनाच्या भरीव गोळ्यांपेक्षा पोकळ गोळ्यांमध्ये सव्वातीन पटीहून जास्त पृष्ठभाग हाती लागतो.

रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच होते. त्यामुळे हा फायदा मोठा आहे.

शिवाय आत शिरलेला प्रकाश इकडून तिकडे आदळत राहतो, त्यामुळे तो शोषला जायची शक्यता वाढते. आणि पोकळीत औषध, रंग, उत्प्रेरक असं काहीतरी भरून ठेवता येतं.

साचा कुठून येतो?

शाळेत कागदाचा मुखवटा केला असेल तर ही पायरी तुम्हाला माहिती आहे. फुगा फुगवायचा, त्यावर खळ लावून कागदाचे तुकडे चिकटवायचे, वाळू द्यायचं आणि मग फुगा फोडायचा. कागदाचं कवच उरतं.

इथे फुग्याच्या जागी असतो पॉलिमरचा बारीक मणी.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पॉलिमर म्हणजे पॉलिस्टायरीन. नाव अनोळखी वाटेल, पण थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. दुसरं आहे ॲक्रिलिक, ज्याच्या पारदर्शक शीटपासून दुकानांच्या पाट्या बनतात.

मणी बनवण्यासाठी स्टायरीन हे तेलकट द्रव साबणासारख्या पदार्थासोबत पाण्यात घुसळतात. त्यात क्रिया सुरू करणारं रसायन घालून ते गरम केलं की पाण्यात दुधासारखं पांढरं मिश्रण तयार होतं. या दुधात कोट्यवधी मणी तरंगत असतात, जवळजवळ सगळे एकाच मापाचे. साबण आणि स्टायरीनचं प्रमाण बदललं की मण्यांचं माप बदलता येतं. साच्याचं माप म्हणजे पुढे पोकळीचं माप, म्हणून ही पायरी महत्त्वाची.

मण्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार राहील अशी व्यवस्था करतात. मग पाण्यात कॅडमियम किंवा झिंकचा क्षार विरघळवला की त्याचे धन भाराचे आयन मण्यांकडे ओढले जातात आणि भोवती गोळा होतात. कागद फुग्याला आपोआप येऊन चिकटावा, तसं.

आता फक्त गंधक हवं. कॅडमियम आणि गंधक भेटले की कॅडमियम सल्फाइड तयार.

मग सरळ गंधकाचं रसायन ओतलं तर?

इथेच खरी अडचण आहे.

पिठलं करताना उकळत्या पाण्यात बेसन एकदम टाकलं तर काय होतं? गुठळ्या. म्हणून एका हाताने भुरभुरत टाकायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं.

कॅडमियमच्या द्रावणात सोडियम सल्फाइड एकदम ओतलं तरी तसंच होतं. जिथे थेंब पडला तिथेच सगळं गंधक संपतं आणि पिवळ्या गुठळ्या तळाला बसतात. मण्यांवर एकसारखा थर चढायची संधीच मिळत नाही.

म्हणून गंधक असं हवं की जे सगळीकडे एकाच वेळी आणि हळूहळू सुटेल. बाहेरून कितीही जपून थेंब टाकले तरी हे जमत नाही. गंधक द्रावणाच्या आतच जन्माला यावं लागतं.

हे काम गॅमा किरण करतात.

किरण सोडल्यावर पाण्यात नेमकं काय घडतं?

कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू सतत गॅमा किरण सोडत असतो. त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. त्यामुळे काचेची बाटली, पाणी, मणी अशा सगळ्यातून ते आरपार जातात. बाटलीच्या कडेला आणि मध्यभागी जवळपास सारखाच परिणाम होतो.

किरण जाता जाता पाण्याचे रेणू मोडतात. त्यातून मुख्यतः तीन गोष्टी तयार होतात. मोकळा इलेक्ट्रॉन, हायड्रोजनचा अणू आणि हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय आक्रमक तुकडा. मोकळ्या इलेक्ट्रॉनभोवती पाण्याचे रेणू लगेच कोंडाळं करतात, म्हणून त्याला जलवेष्टित इलेक्ट्रॉन म्हणतात. १९६२ मध्ये हार्ट आणि बोग या दोन संशोधकांनी तो पहिल्यांदा प्रयोगात टिपला.

हा इलेक्ट्रॉन म्हणजे आपला आचारी.

द्रावणात आधीच सोडियम थायोसल्फेटसारखं रसायन घातलेलं असतं. जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म धुण्यासाठी जे 'हायपो' वापरायचे, तेच हे. त्यात गंधक असतं, पण बांधलेलं. जलवेष्टित इलेक्ट्रॉन हा बंध तोडतो आणि गंधक सल्फाइडच्या रूपात मोकळं होतं. शेजारी मण्यावर कॅडमियमचे आयन वाट बघत असतातच. दोघं भेटतात आणि मण्यावर कॅडमियम सल्फाइडचे काही नॅनोमीटरचे स्फटिक बसत जातात. हळूहळू पूर्ण मणी झाकला जातो.

आणि तो हायड्रॉक्सिल? तो मोकळा राहिला तर तयार झालेलं कवच खराब करेल. म्हणून द्रावणात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. सॅनिटायझरमध्ये असतं तेच. ते हायड्रॉक्सिलला आधीच पकडून टाकतं. प्रयोगाआधी द्रावणातून नायट्रोजनही सोडतात, कारण पाण्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पळवतो.

आता एक मजेशीर हिशेब. अशा कामासाठी दहा किलोग्रेच्या घरातली मात्रा देतात. एक ग्रे म्हणजे एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषणं. म्हणजे दहा किलोग्रेमध्ये एक किलो पाण्याला दहा हजार ज्यूल मिळतात. एवढ्या ऊर्जेने पाणी तापतं किती? फक्त २.४ अंश सेल्सियस.

ना भट्टी, ना उकळणं. खोलीच्या तापमानाला, बाटली न उघडता सगळं होतं. मण्यांचं प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडून वेडंवाकडं होत नाही. किरण बंद केले की क्रिया थांबते, त्यामुळे कवच किती जाड हवं हेही बऱ्यापैकी हातात राहतं.

आता आतला मणी काढायचा

थर्माकोलवर पेट्रोल किंवा थिनर सांडलं तर थर्माकोल बसतं, विरघळतं. हे अनेकांनी पाहिलं असेल. इथेही तेच. गोळे टोल्युइनसारख्या द्रावकात ठेवले की आतलं पॉलिस्टायरीन विरघळून कवचाच्या स्फटिकांमधल्या फटींतून बाहेर पडतं. दुसरा मार्ग म्हणजे ४००-५०० अंशाला तापवून पॉलिमर जाळून टाकणं. पण त्यात कवच तडकण्याचा धोका असतो.

ॲक्रिलिकची गोष्ट आणखी वेगळी. पॉलिस्टायरीनच्या साखळ्या किरणांपुढे बऱ्यापैकी टिकतात, ॲक्रिलिकच्या मात्र तुटतात. म्हणजे जे किरण बाहेर कवच बांधत असतात, तेच आतला साचा कमकुवत करत असतात. पुढे तो काढणं त्यामुळे सोपं जातं.

हे काम कोणी केलं? आपल्याकडे काही आहे का?

साच्यावर थर चढवून साचा काढून टाकायची कल्पना जगभर गाजली ती १९९८ मध्ये. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या फ्रँक करुसो, रेचल करुसो आणि हेल्मुट म्योवाल्ड यांनी पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर सिलिकाचे थर चढवले, मणी जाळले आणि पोकळ गोळे मिळवले. 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. तिथे गॅमा किरण नव्हते. त्यानंतर काही वर्षांत चीनमधल्या हफेई इथल्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी गॅमा किरण वापरून कॅडमियम सल्फाइड आणि पॉलिस्टायरीनचे पोकळ गोळे एकाच टप्प्यात बनवून दाखवले.

महाराष्ट्रात या विषयाचे दोन धागे आहेत.

एक पुण्यात. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेमीकंडक्टर नॅनोकणांवर आणि एका पदार्थावर दुसऱ्याचं कवच चढवलेल्या कणांवर अनेक वर्षं काम केलं. अशा कवचवाल्या कणांचा त्यांनी लिहिलेला आढावा २००६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला.

दुसरा धागा ट्रॉम्बेचा. भाभा अणु संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी गॅमा किरण आणि इलेक्ट्रॉनचा झोत वापरून कॅडमियम सेलेनाइडचे नॅनोकण बनवण्यावर संशोधन केलंय. ते कण पोकळ असतीलच असं नाही, पण किरणांनी पाणी मोडायचं आणि इलेक्ट्रॉनकडून काम करून घ्यायचं, हे तत्त्व तेच.

मग हे गोळे किरणोत्सर्गी होतात का?

नाही. आणि हळदही होत नाही.

एखादी वस्तू किरणोत्सर्गी व्हायची तर तिच्या अणूच्या केंद्रकात बदल व्हावा लागतो. कोबाल्ट-६० च्या किरणांची ऊर्जा अन्नातल्या किंवा या रसायनांमधल्या केंद्रकांना धक्का लावायला पुरत नाही. ते इलेक्ट्रॉन उडवतात, रेणूंचे बंध तोडतात आणि निघून जातात. भिंतीवर टॉर्च मारला आणि बंद केला तर भिंत उजळत राहत नाही, तसंच.

किरणोत्सर्गी असतो तो कोबाल्ट. तो पोलादी नळ्यांत सीलबंद असतो आणि जाड काँक्रीट किंवा शिशाच्या आड ठेवलेला असतो. माल त्याच्यासमोरून जातो, त्याला शिवत नाही.

महाराष्ट्रात हे काम नवं नाही. ट्रॉम्बेला १९७४ पासून 'आयसोमेड' हे केंद्र वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करतंय. नवी मुंबईत वाशीला २००० पासून मसाल्यांसाठी केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला २००२ मध्ये 'कृषक' केंद्र सुरू झालं, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांवरही तिथे प्रक्रिया झाली.

मात्रेचा फरक पाहा. कांद्यासाठी नियमात ०.०२ ते ०.२ किलोग्रे मात्रा आहे, मसाल्यांसाठी ६ ते १४. म्हणजे पोकळ गोळ्यांच्या बाटलीला जेवढी मात्रा लागते, साधारण तेवढीच मसाल्यांच्या पोत्याला दिली जाते. अशा अन्नाच्या पाकिटावर तसं लिहिणं आणि हिरवं रॅड्युरा चिन्ह छापणं बंधनकारक आहे. त्यामुळे ज्यांना टाळायचंय त्यांना ते टाळताही येतं.

मग घाबरायचं कशाला? कॅडमियमला

या सगळ्या प्रयोगात ज्याच्यावर नजर ठेवायला हवी तो पदार्थ बाटलीतच आहे.

कॅडमियम हा जड धातू शरीरात गेला की मूत्रपिंडात साठतो आणि वर्षानुवर्षं बाहेर पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. जपानच्या तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीत आणि तिथून भातात उतरलं. लोकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की दुखण्याने विव्हळणाऱ्यांच्या शब्दांवरून रोगाचं नाव पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय'. १९६८ मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणामुळे झालेला आजार असल्याचं मान्य केलं.

भारतात पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅम आहे.

आता पेच बघा. कॅडमियम सल्फाइडचे गोळे उन्हात पाणी साफ करायला चांगले, कारण ते दिसणारा प्रकाश वापरतात. इचलकरंजी, सोलापूरसारख्या ठिकाणी कापड रंगवल्यावर उरणाऱ्या रंगीत पाण्यासाठी अशा पदार्थांचा विचार होतो. पण पाण्यात आणि उन्हात कॅडमियम सल्फाइड स्वतःच थोडं थोडं झिजतं आणि कॅडमियम पाण्यात सुटतं. म्हणजे पाण्यातला रंग काढायला जायचं आणि त्यात विष सोडून यायचं.

म्हणून संशोधकांचा कल झिंक सल्फाइड, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड अशा सौम्य पदार्थांकडे आहे. त्यांची अडचण आपण वर पाहिली, त्यांना अतिनील प्रकाश लागतो. त्यावर उपाय म्हणून त्यांच्यात इतर मूलद्रव्यं किंचित मिसळून दिसणारा प्रकाश वापरायला लावण्याचे प्रयत्न चालू आहेत.

मग हे बाजारात कधी दिसणार?

लगेच नाही. कारण साधं आहे. किरणांनी पाण्यात जेवढे इलेक्ट्रॉन मिळतात, तेवढाच माल बनतो. दहा किलोग्रेला एक लिटर द्रावणातून मिळणारं कॅडमियम सल्फाइड ग्रॅमच्या एखाद्या भागाएवढंच भरतं. त्यात साचा बनवणं, काढणं, द्रावकाची विल्हेवाट हा खर्च वेगळा. प्रयोगशाळेत हे परवडतं, रोज लाखो लिटर सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला नाही.

जिथे थोडाच माल पुरतो तिथे मात्र आशा जास्त आहे. गॅस ओळखणारे सेन्सर, किंवा औषध वाहून नेणाऱ्या कुप्या. हळदीतल्या कर्क्युमिनचंच उदाहरण घ्या. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे खाल्लेल्यापैकी फार थोडं रक्तात पोहोचतं. ते बारीक पोकळ कणांत भरून देता येईल का, यावर जगात अनेक ठिकाणी प्रयोग झालेत. त्यासाठी अर्थातच कॅडमियमचे नाही, तर सिलिकासारख्या निरुपद्रवी पदार्थाचे कण लागतात.

त्यामुळे पुढच्या वेळी 'रेडिएशन'वाला मेसेज आला, किंवा 'नॅनो टेक्नॉलॉजीने नदी साफ होणार' असा व्हिडिओ दिसला, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी तपासा. किरण वस्तूवर फक्त पडलेत की किरणोत्सर्गी पदार्थ वस्तूत मिसळलाय? आणि जे कण पाण्यात सोडायचं म्हणतायत ते कशाचे आहेत आणि काम झाल्यावर परत काढणार कसे?

हळदीच्या पाकिटावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर छापलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र मागावं लागतं.